तंबोऱ्याची सातवी खुंटी

तंबोऱ्याला तारा चार, म्हणून खुंट्याही चार. आमच्या घरातल्या तंबोऱ्याची त्यातली एकच मोडली होती. त्या एकीसाठी मी सात केल्या आणि सहा फुकट घालवल्या. त्या सहाही मी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत. बायको आमच्या बडोद्याच्या मराठीत म्हणते, "टाकून द्या ने आता." मी टाकत नाही. चौतीस वर्षं टर्नर म्हणून, लेथवर लोखंड कातत, नोकरी केलेल्या माणसाने आपल्या हातचा बिघडलेला माल लपवू नये, असं माझं मत आहे.

माझी नोकरी शहराबाहेर, बाजव्याकडच्या एका कारखान्यात, मेंटेनन्स वर्कशॉपमध्ये. पंपाचा शाफ्ट झिजला किंवा तुटला की माझ्याकडे यायचा. मी तो आधी हातात घेऊन नीट बघायचो. कुठे तुटला, कसा तुटला, भार कुठून आला, पिळला गेला तर कोणत्या बाजूला. मग नवा करून द्यायचो. माझं काम परत आलं असं सहसा झालं नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी फुशारकी आहेच.

निवृत्त झाल्यावर मांजलपूरच्या आमच्या घराच्या पार्किंगमध्ये, स्कूटरच्या शेजारी, मी लाकडाचा एक जुना छोटा लेथ आणून बसवला. 'लोखंड कापणाऱ्याला लाकूड म्हणजे लोणी' असं सोसायटीत सगळ्यांना सांगूनही टाकलं. सागाची दोन लाटणी केली, देव्हाऱ्याचे चार खांब केले. लोकांनी वाहवा केली. मला ती पुरेशी वाटली नाही.

बायको शाळेत संगीत शिकवायची. पहिल्या पगारातून तिने मिरजेहून हा तंबोरा आणवला होता, लग्नाच्याही आधी. आमच्या संसारात तो माझ्याहून जुना. सकाळी सहाला, कुकरची पहिली शिट्टी होण्याआधी, तो वाजायचा. तिचा सूर काळी चार. पेटीवरची ती पट्टी मला गाण्यातलं काही कळत नसतानाही पाठ झाली होती, कारण इतकी वर्षं माझा दिवस त्या सुरावर सुरू झाला.

मग तिचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आवाज येईल, थोडा बदललेला असेल, घाई करू नका. बोलण्याचा आवाज महिन्याभरात आला. गाण्याचा आला की नाही ते कळायला मार्गच नव्हता, कारण ती गायलाच बसेना. तंबोरा गवसणी घालून कोपऱ्यात उभा राहिला. सकाळी आता फक्त कुकर. सहा महिने असे गेले. मला ते घर आवडत नव्हतं, हे स्पष्ट सांगतो. मी विषय काढला की ती म्हणायची, "बघू." आणि 'बघू' हा शब्द आमच्या घरात नकारासाठी वापरतात.

एक दिवस दुपारी मी बँकेतून परत आलो, तर तंबोरा चटईवर आडवा. गवसणी काढलेली. मधल्या दोन तारांना जोड म्हणतात, त्यातल्या पहिल्या तारेची खुंटी मानेपाशी मोडलेली आणि तार लोंबत होती. बायको ओट्यापाशी पाठ करून उभी होती.

"मोडली," ती म्हणाली. "जुनीच झाली होती."

धूळ पुसायला काढला असेल, असं मला वाटलं. ती आली, गवसणी चढवली आणि म्हणाली, "आता राहू दे. मिरजेला पाठवू या ने कधीतरी."

ते 'कधीतरी' मला 'बघू'सारखंच ऐकू आलं. इतके दिवस न गाण्याचं कारण तिच्या घशात होतं, ते बरं होण्यासारखं होतं. आता कारण लाकडात आलं. मोडका तंबोरा कोपऱ्यात ठेवून माणूस वर्षानुवर्षं जगू शकतो, मी पाहिलेली घरं आहेत तशी.

"मिरजेला कशाला? मी असताना?" मी म्हणालो. "तीन दिवसांत देतो."

लागले दोन महिने.

सुरुवात मी अगदी रीतसर केली. मोडक्या खुंटीचे दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले, व्हर्नियर काढला, तीन ठिकाणी व्यास मोजला, निमुळतेपणाचा हिशोब केला आणि कागदावर ड्रॉइंग काढलं. त्यावर पृष्ठभागासाठी तीन त्रिकोण काढले. आमच्या धंद्यात तीन त्रिकोण म्हणजे तोंड दिसेल इतका गुळगुळीत माल. बायकोने कागद पाहिला आणि विचारलं, "अहो, खुंटी करताय की विमान?" सहा महिन्यांत तिने केलेली ती पहिली थट्टा होती. मला चेव आला.

लाकडाच्या लातीतून, म्हणजे वखारीतून, जुन्या शिसवीचा तुकडा शोधून आणला. काळपट, वजनदार, ठोकला की टणक आवाज देणारा. लेथवर चढवला आणि कारखान्यात सवयीचं झालेलं कार्बाइडचं हत्यार लावलं. सागाला ते चाललं होतं. शिसवीने ते मानलं नाही. भुसा बारीक, पिठासारखा पडायला लागला, मग धूर निघाला, आणि खुंटीभोवती काळं कडं उमटलं. पार्किंगभर कडवट वास सुटला.

तापलं की टर्नरचा हात कुठे जातो? कूलंटकडे. साबणाच्या पाण्यासारखं ते पांढरं, तेलकट पाणी मी घरी बाटलीत करून ठेवलं होतं. विचार न करता ओतलं. लोखंड ते अंगावरून जाऊ देतं. शिसवी प्यायली. पाच मिनिटांत तिच्यावर पांढरट डाग आले आणि हाताला ओशट लागायला लागलं. बायको चहा घेऊन खाली आली होती. तिने खुंटी बोटांत फिरवली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "आंघोळ घातलीत का हिला?"

ती पहिली. दुसरीसाठी मी लाकडाच्या पटाशा आणल्या आणि ग्राइंडरवर धार लावायला बसलो. जोर इतका दिला की पात्याचं टोक निळं पडलं. आता हे मला कळायला हवं होतं. साधं पोलाद निळं पडलं म्हणजे त्याचा कडकपणा गेला, हे मी शिकाऊ पोरांना ओरडून शिकवलेलं. पण लोखंडाच्या लेथवर कीस निळा पडला की आम्ही खूश होतो, कारण ताप किसाबरोबर निघून गेलेला असतो. निळा रंग बघून बरं वाटायची डोळ्यांना सवयच लागलेली. त्या मऊ पडलेल्या पटाशीने मी लाकूड कापलं नाही, घासलं. खुंटीच्या उतारावर लाकडाचे तंतू उपटून निघाले, बोट फिरवलं तर कुसळं लागावीत तसं. तिसरीचंही तेच झालं, आणि तिच्या वेळी तर पटाशी धारदार होती.

चौथीला मी हट्टाला पेटलो. कापताना जे बिघडेल ते सँडपेपरने सुधारू, असं ठरवलं. लेथ पूर्ण वेगात ठेवला, कागद दाबून धरला. कागद इतका तापला की बोटं सोडावी लागायची, फुंकर मारून पुन्हा धरायचो. अर्ध्या तासाने खुंटी अशी झाली की तिच्यात पार्किंगचा दिवा दिसत होता. तीन त्रिकोण! मी ती रुमालात गुंडाळून वर नेली.

बायकोने गवसणी काढली. तार ओवली, खुंटी भोकात दाबली, पिळायला लागली. सूर चढत गेला. तिने हात काढला आणि खुंटी किर्र करून एकदम उलटी फिरली, तार सैल पडली. पुन्हा चढवली, पुन्हा तेच. खडू लावून पाहिला, तोही त्या काचेवर ठरेना.

"छान दिसते पण," ती म्हणाली.

केवढं लागलं मला ते. तिने रागावायला हवं होतं. पाचवी मी रागाच्या भरात केली आणि सँडपेपरच्या तापाने तिचं टोक तडकलं, तिच्याबद्दल अधिक लिहीत नाही.

रागाचा भर ओसरल्यावर मी बसने संखेड्याला गेलो. रंगीत लाखेचं लाकूडकाम करणारं हे गाव आमच्या बडोद्यापासून फार लांब नाही. तिथल्या कातकाम करणाऱ्यांना खरादी म्हणतात. इतकी वर्षं त्या गावाबद्दल माझं मत होतं की पाळणे आणि झोपाळे करतात, मापबीप काही नसतं. तरी गेलो. माझ्याच वयाचा एक खरादी दाराशी लेथ लावून पाळण्याचे पाय कातत होता. मी त्याला माझ्या पाचही खुंट्या दाखवल्या. आधी मी कोण, कुठे काम केलं, हे सविस्तर सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग एक तुकडा लेथवर चढवला आणि म्हणाला, "करी बतावो."

मी करून दाखवलं. हत्यार उजवीकडून डावीकडे, बारीक टोकाकडून जाड टोकाकडे. लोखंडाच्या लेथवर हात तसाच चालतो, चकच्या दिशेने. पटाशीने दोनच घास घेतले असतील, त्याने माझं मनगट धरलं.

"साहेब, चढाण पर शुं काम चढो छो? ढाळे ढाळे उतरो ने."

चढावर कशाला चढता, उतारावरून उतरा. एवढंच. लोखंडाला अंगात रेषा नसतात, कुठूनही या. लाकूड रेषांचं असतं. बारीककडून जाडकडे गेलं की प्रत्येक तंतू खालून उचकटतो. जाडकडून बारीककडे आलं की तंतू एकमेकांच्या आधाराने कापले जातात. हे कळायला मला बसने जावं लागलं, आणि मी लाकडाला लोणी म्हणत होतो.

मग त्याने स्वतः पटाशी घेतली. तिची पाठ आधी फिरत्या लाकडावर नुसती टेकवली, कापेना. मग मूठ केसभर उचलली. धार लागली आणि लांब, सलग, कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा निघत गेला. लेथ थांबवून म्हणाला, "हाथ अडाडो." मी बोट लावलं. लाकूड गार होतं. माझ्या खुंट्या हातात धरवत नसत, आणि हे गार.

त्यानंतर त्याने जे केलं ते मी विसरणार नाही. पाळण्याचा पाय पुन्हा फिरता ठेवला आणि लाल लाखेची कांडी त्यावर दाबली. घासण्याच्या तापाने लाख वितळली, पसरली, वर केवड्याचं पान फिरवून त्याने ती चमकवली. ज्या तापाने मी खुंट्या जाळल्या, तोच ताप हा माणूस हवा तिथे, हवा तेवढा वापरत होता.

"लाखने ताप जोईए, लाकडाने नहि," तो म्हणाला; लाखेला ताप हवा, लाकडाला नको. मी परत निघालो तेव्हा त्याने माझी काचेसारखी खुंटी हातात दिली आणि हसून म्हणाला, "आ लोढानी टेव छे, साहेब. जशे धीमे धीमे."

लोखंडाची सवय आहे, हळूहळू जाईल. ती लगेच गेली नाही. सहावी खुंटी मी सुरेख, थंड, उतारावरून उतरत कातली, आणि शेवटी हाताला राहवलं नाही म्हणून जरासा सँडपेपर मारला. जरासा म्हणजे दहा मिनिटं. ती डब्यात गेली.

सातवीच्या आधी मी एक गोष्ट केली जी पहिलीच्या आधी करायला हवी होती. बायकोला विचारलं, खुंटी कशी हवी?

"फिरायला हवी, आणि जिथे सोडली तिथे थांबायला हवी," ती म्हणाली. "दोन्ही."

"थांबेल. अशी थांबेल की हलणार नाही."

"दोन्ही म्हटलं मी."

मी मान डोलवली. मनात माझं ठरलेलं होतं की काळी चारवर चढवलेली तार पुन्हा खाली येता कामा नये. तिचा सूर परत आणायचा तर आधी तार तरी तिथे थांबायला हवी, असा माझा हिशोब.

सातवी एका सकाळी केली. पटाशी दगडावर पाणी घालून हाताने लावली, ग्राइंडर नाही. जाडकडून बारीककडे, एका दमात नाही, थोडं थोडं, दर वेळी लेथ थांबवून बोट लावून. जरा कोमट लागलं की धार पुन्हा लावली. कामाच्या शेवटी भोकात बसणारा भाग मी तसाच ठेवला, पटाशीखालून निघाला तसा. ना कागद, ना पॉलिश. प्रकाशात धरला तर तो चमकत नव्हता, नुसता शांत दिसत होता. बोटाला गुळगुळीत, पण घसरणारा नाही. डोक्याचा भाग तेवढा कापडाने घासून उजळला, कारण तिथे तिची बोटं लागणार होती. ड्रॉइंगवरचे तीन त्रिकोण मी पेनने खोडले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी कमी चमकणारा माल पास केला आणि तो उत्तम होता, हे मला न सांगता कळलं.

वर नेली. तिने चटई घातली. खुंटीला खडू लावला, तार ओवली, दाबून बसवली आणि पिळायला लागली. आवाज नाही, झटका नाही. सूर लोणी काढावं तसा वर येत गेला. पेटीची काळी चार दाबून तिने तार तिथे आणली आणि हात काढला.

तार थांबली. आम्ही दोघं बघत होतो. मिनिटभर थांबली, दोन मिनिटं थांबली.

"बघ!" मी म्हणालो. "आता हलायचं नाव नाही."

"हलवून बघू," ती म्हणाली, आणि तिने खुंटी उलटी फिरवायला सुरुवात केली.

"अगं, उतरतेय ती!"

"उतरवतेय."

सूर खाली आला. एक पट्टी, दोन, तीन. पेटीच्या पांढरी चारवर तिने तो थांबवला, आणि खुंटी तिथेही थांबली, तितकीच घट्ट. मग तिने बाकीच्या तिन्ही तारा एकेक करून खाली आणल्या, घोडीपाशी तारांखालचे दोरे सरकवून जवारी, म्हणजे तारांचा गुंजारव, जुळवली. तंबोरा उभा धरला, चारी तारा छेडल्या आणि सा लावला.

तो आवाज मी ओळखला नाही. जाड होता, जरा खरखरीत, खालून येणारा. पण सरळ होता. सुरावर टेकला आणि टेकूनच राहिला. तिने डोळे मिटले होते, त्यामुळे मला माझे पुसता आले.

तिने सूर सोडला तेव्हा मी विचारलं, "हे कधीपासून?"

"तुम्ही बँकेत, भाजीला, कुठेही गेलात की. चार महिने झाले असतील. आधी मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर. मग म्हटलं, आपलाच उतरवू. तीस वर्षं काळी चारवर राहून खुंटी अडकून बसली होती. जोर लावला, मोडली."

"मला सांगायचं ने."

"तुम्हाला जुना आवाज हवा होता," ती म्हणाली, आणि पुन्हा तारा छेडायला लागली.

ती गात असताना मी खाली पार्किंगमध्ये आलो. मोडक्या खुंटीचे दोन्ही तुकडे टेबलावर होते. उचलून उजेडात धरले. लाकूड पिळून फाटलेलं होतं, तंतू एका बाजूला वळलेले, आणि बाजू अगदी स्पष्ट होती: तार सैल करण्याची. कारखान्यात असा तुकडा कुणी हातात दिला असता तर मी बघताक्षणी सांगितलं असतं. हे तुकडे दोन महिने माझ्या टेबलावर पडून होते, आणि मी त्यांचा फक्त व्यास मोजला होता.